अंडरटेकरनं नक्की कधी थांबायला हवं होतं?

काळी_टोपी (धागाकर्ता):

डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या जॉन सीनानं डिसेंबर २०२५मध्ये वॉशिंग्टनला गुंथरसमोर टॅप केलं (म्हणजे हार मानली) आणि आधीच जाहीर करून ठेवलेला निरोप ठरल्या वेळी घेतला. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. त्याच कंपनीच्या अंडरटेकरला हे का जमलं नाही?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. मार्क कॅलवेची, म्हणजे अंडरटेकरची, कारकीर्द ६ एप्रिल २०१४च्या रात्री, न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये संपायला हवी होती. ब्रॉक लेस्नरचा एफ-५ हा ठेवणीतला डाव तिसऱ्यांदा बसला, रेफरीचा हात तीनदा मॅटवर पडला आणि ७५ हजारांच्या गर्दीला हे ठरवून झालंय की चुकून, तेच कळेना. मग पडद्यावर आकडा आला, २१-१. १९९१ला लॉस एंजेलिसमध्ये जिमी स्नुकाला हरवून सुरू झालेली रेसलमेनियातली (कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमातली) स्ट्रीक, म्हणजे सलग विजयांची मालिका, तुटली होती. गडी ४९ वर्षांचा होता. हरला, उठला, एकटाच रॅम्पवरून चालत गेला. 'डेडमॅन'ला (हे त्याचं टोपणनाव) याहून चांगला शेवट कोण लिहून देणार होतं?

पुढे काय झालं बघा. २०१७ला ऑरलँडोत रोमन रेन्सकडून हरला. हातमोजे, कोट, टोपी रिंगमध्ये ठेवून गेला, म्हणजे निवृत्तच झाला असं वाटलं. आपण सगळे हळहळलो. वर्षभरात कोट-टोपीसकट परत, आणि सीनाला तीन मिनिटांच्या आत झोपवलं. मग २०१८ला रियाधमध्ये मुखवटा घालणाऱ्या केनला जोडीला घेऊन ट्रिपल एच आणि शॉन मायकल्सशी मॅच. चौघांच्या वयांची बेरीज दोनशेच्या वर. ट्रिपल एचच्या छातीचा स्नायू फाटला, केनचा मुखवटाच निसटला. मायकल्स तर २०१०ला याच अंडरटेकरकडून हरून निवृत्त झाला होता, तोही परत आला. म्हणजे आधीच्या त्या अप्रतिम मॅचचीही किंमत कमी झाली. आणि जून २०१९ला जेद्दामध्ये गोल्डबर्ग. ती मॅच मी पुन्हा बघितलेली नाही, बघणारही नाही.

जुना_केबलवाला:

साफ असहमत.

तुम्ही ज्याला चांगला शेवट म्हणताय, तो त्या माणसाला आठवतच नाही. लेस्नरच्या मॅचमध्ये अंडरटेकरच्या डोक्याला मार लागला होता, त्याला इस्पितळात न्यावं लागलं. तो दिवस आपल्याला आठवत नाही असं त्यानं स्वतः सांगितलंय. तीस वर्षं घासलेल्या माणसानं शेवटची मॅच दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायची? असल्या शेवटावर समाधान मानायला कुणीच तयार झालं नसतं.

दुसरं म्हणजे हे पात्रच वेगळं. रिक फ्लेअरसारखा जुना कुस्तीगीर म्हातारा दिसला तर चालतं, कारण तो माणूसच होता. अंडरटेकर २२ नोव्हेंबर १९९०ला सर्व्हायव्हर सिरीजमध्ये आला तोच मेलेला म्हणून. मार खाऊन ताडकन उठून बसायचं, चेहऱ्यावर रेषा हलू द्यायची नाही. अशा पात्राला थकवा दाखवायची सोयच नाही, त्यामुळे पन्नाशीतली प्रत्येक धाप आपल्याला खटकते. दोष त्याचा की आपण लहानपणी ठरवून बसलेल्या गोष्टीचा?

अवांतर: आमच्या शाळेत 'तो सात वेळा मेलाय' यावर मारामारी व्हायची. ट्रम्प कार्ड्समध्ये अंडरटेकर हाती आला की मधल्या सुट्टीचं सार्थक. त्यात १९९४च्या समरस्लॅमला दोन अंडरटेकर समोरासमोर आले. नकली होता ब्रायन ली. तोच पुढे १९९६ला अक्षय कुमारच्या सिनेमात 'अंडरटेकर' म्हणून मार खाऊन गेला आणि आमच्या अर्ध्या वर्गाला वाटलं, अक्षयनं खऱ्याला हरवलं!

तालीम_गल्ली:

राव, तुम्ही सगळे एवढ्या गंभीरपणे बोलताय म्हणून विचारतो. ही नुरा कुस्तीच ना? कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. मग 'स्ट्रीक तुटली' म्हणजे काय तुटलं? लिहिणाऱ्यानं लिहिलं, पडला. आमच्याकडं पैलवान चाळिशीला आला की वस्ताद त्याला आखाड्याच्या काठावर बसवतो, पोरांना डाव शिकवायला लावतो. तिथं जोड खरी असते, त्यामुळं थांबायचं कधी ते समोरचाच सांगतो. इथं समोरचाही सामील. थांबवणार कोण?

काळी_टोपी:

@तालीम_गल्ली, निकाल ठरलेला असतो, मॅटवर आदळणं ठरवून हलकं होत नाही. १९९८ला पिट्सबर्गमध्ये त्यानं मिक फोलीला पिंजऱ्याच्या छतावरून खाली समालोचकांच्या टेबलावर फेकलं, ती उंची खरीच होती.

आणि स्ट्रीकचं म्हणाल तर सुरुवातीला ती कुणी ठरवलेलीही नव्हती. १९९३ला जायंट गोन्झालेसविरुद्ध तर तो डिस्क्वालिफिकेशनवर (समोरचा नियम मोडून बाद झाला म्हणून) जिंकला, इतकी फुसकी मॅच. १९९४ आणि २०००च्या रेसलमेनियात तो नव्हताच. २००२ला टोरंटोत फ्लेअरला हरवून त्यानं बोटांवर दहा मोजून दाखवले, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष गेलं. पुढे जेतेपदाच्या पट्ट्यापेक्षा ती स्ट्रीक मोठी झाली. म्हणून तर म्हणतो, ती संपली तिथं विषय संपवायचा.

तुमचा शेवटचा प्रश्न मात्र नेमका आहे. थांबवणार कोण? कंपनीचा प्रमुख विन्स मॅकमॅहन तर थांबवणार नव्हता.

गुडघेदुखी:

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि नवऱ्यामुळे हे सगळं बघावं लागलेलं आहे. धागाकर्त्यांच्या निष्कर्षाशी सहमत, कारणाशी नाही. 'शेवट शोभला की नाही' हा तुम्हा चाहत्यांचा प्रश्न. मला प्रश्न पडतो तो समोरच्याच्या मानेचा.

टूमस्टोन हा अंडरटेकरचा ठेवणीतला डाव नीट बघा. समोरच्याला उलटा धरायचा, डोकं मांड्यांमध्ये, आणि गुडघ्यांवर आदळायचं. नीट मारला तर त्याचं डोकं जमिनीला लागत नाही, सगळा दणका मारणाऱ्याच्या गुडघ्यांवर येतो. ६ फूट १० इंचांचा माणूस, अंगावर दुसरा शंभर-सव्वाशे किलोंचा, आणि हे वर्षानुवर्षं. नितंबाच्या सांध्याची शस्त्रक्रिया करायची वेळ आली यात नवल नाही.

आता चुकलं तर? ऑगस्ट १९९७ला समरस्लॅममध्ये ओवेन हार्टनं स्टीव्ह ऑस्टिनला असंच उलटं धरलं, पण गुडघ्यांवर न येता तो खाली बसला. ऑस्टिनचं डोकं सरळ मॅटवर. काही क्षण त्याला हातपायच हलवता येईनात. ती मान पुढे कायमची त्रास देत राहिली आणि २००३ला त्याला थांबावं लागलं. अशा अपघातांनंतर कंपनीनं पाइलड्रायव्हरवर (असं उलटं धरून आदळण्याच्या डावावर) बंदी घातली, सूट फक्त दोघांना: अंडरटेकर आणि केन. का? यांच्या हातात मान दिली तर ती शाबूत परत मिळते, हा विश्वास.

जेद्दामध्ये काय झालं? ५२ वर्षांचा गोल्डबर्ग डोक्यानं कोपऱ्यातल्या खांबावर आदळला, रक्त आलं, भान हरपल्यासारखा झाला. तरी मॅच चालूच. मग त्याचा जॅकहॅमर (उचलून आदळायचा डाव) फसला आणि ५४ वर्षांचा अंडरटेकर जवळजवळ मानेवर पडला. टूमस्टोनच्या उलटापालटीत दोघंही कोसळले. दोघांपैकी एकाला दुसऱ्याचं वजन पेलवत नव्हतं. यात 'लाज गेली' वगैरे काही नाही, एक माणूस कायमचा खाटेवर जाऊ शकला असता.

मला विचाराल तर २०१२ला ट्रिपल एचबरोबरची मायामीची मॅच झाली, तिथंच बस. आदल्या वर्षी अटलांटात जिंकूनही त्याला गाडीवरून बाहेर न्यावं लागलं होतं. शरीर आणखी किती स्पष्ट सांगणार?

जुना_केबलवाला:

ताई, २०१२ला थांबला असता तर २०१३ची सीएम पंकबरोबरची मॅच गेली असती. ती घालवायला मी तयार नाही. (ह.घ्या.)

डलासकर:

इथं राहतो, त्यामुळे थोडं वेगळं सांगतो. २०१६ची रेसलमेनिया आमच्याकडं आर्लिंग्टनला झाली, मी वरच्या मजल्यावरच्या स्वस्त तिकिटात होतो. कंपनीनं आकडा सांगितला १,०१,७६३, त्यावर वाद आहेत, पण गर्दी अफाट होती हे खरं. दिवे गेले, घंटा वाजली, तेव्हा शेजारचे पन्नाशीतले दोन टेक्सन गडी उभे राहून ओरडत होते. अंडरटेकर ह्यूस्टनचा, म्हणजे त्यांचा घरचाच. मॅच लांबली, मध्ये रेंगाळली, शेन मॅकमॅहननं पिंजऱ्यावरून उडी मारली ती सोडली तर फार काही नाही. तरी कुणालाही वाटत नव्हतं की हा माणूस इथं नको होता.

आता पैशाबद्दल कुणीच बोलत नाहीये. अमेरिकेत हे कुस्तीगीर कंपनीचे नोकर नसतात, 'स्वतंत्र कंत्राटदार' असतात. पेन्शन नाही, संघटना नाही, आरोग्यविमा ज्याचा त्यानं बघायचा. १९९६ला स्कॉट हॉल, केविन नॅश डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले, १९९७ला ब्रेट हार्ट गेला. अंडरटेकर राहिला. त्या पडत्या काळात कंपनी धरून ठेवणाऱ्यांत तो होता. वीस वर्षांनी सौदीतून मोठा सौदा आला आणि त्यानं तो घेतला, तर आपण सोफ्यावर बसून 'शेवट बिघडवला' म्हणायचं? शेवट त्याचा, सांधे त्याचे, हिशेबही त्याचाच.

तालीम_गल्ली:

+१. पोटाचा प्रश्न आला की मग बोलायचं काम नाही.

काळी_टोपी:

पोटाचा प्रश्न? तीस वर्षं सर्वोच्च पातळीवर राहिलेल्या माणसाचा? डलासकर, कंत्राटाचा मुद्दा खालच्या फळीतल्या पोरांसाठी शंभर टक्के मान्य, याच्यासाठी नाही. २०२०ची त्याच्यावरची डॉक्युमेंटरी बघा. ती पैशाची कथाच नाही. रेन्सची मॅच मनासारखी झाली नाही म्हणून परत, गोल्डबर्गची फसली म्हणून परत. एक चांगली मॅच झाली की थांबतो, आणि चांगली झाली की वाटतं अजून एक होईल. हे व्यसन आहे, आणि त्याला ते पुरवणारे त्याच्याच कंपनीत बसले होते.

सौदीचं तर बोलूच नका. त्या मॅच रेसलिंगसाठी नव्हत्याच. यजमानांना जुनी नावं हवी होती, कंपनीनं नावं पुरवली.

गुडघेदुखी:

'सांधे त्याचे' हे डलासकरांचं वाक्य अर्धंच खरं आहे. सांधे त्याचे, मान समोरच्याची.

जुना_केबलवाला:

मग बोनयार्ड मॅचबद्दल कुणीच का लिहीत नाही? एप्रिल २०२०, करोना, रेसलमेनिया प्रेक्षकांविना. त्यांनी काय केलं, तर एजे स्टाइल्सबरोबरची मॅच रिंगमध्ये घेतलीच नाही. रात्री, खोट्या कबरस्तानात, सिनेमासारखी चित्रित केली. मोटरसायकलवरून आला, म्हणजे २०००च्या त्याच्या 'अमेरिकन बॅडॅस' या मोटरसायकलवाल्या अवताराची झलक. मारामारी मध्येच थांबवून टोमणे मारले, धापा टाकल्या, आणि शेवटी स्टाइल्सला पुरून निघून गेला. ताईंच्या सगळ्या आक्षेपांना त्यात उत्तर आहे. शॉट कापता येतो, पुन्हा घेता येतो, मानेचा धोका कमी होतो. आणि माझा आधीचा मुद्दा, की या पात्राला थकता येत नाही, तोही तिथं सुटला. पहिल्यांदाच तो थकलेला दिसला आणि वाईट दिसला नाही. २०१४ला थांबला असता तर हे कुठून मिळालं असतं? रेसलमेनियाचा हिशेब २५-२ वर थांबला, आणि जिंकून थांबला.

काळी_टोपी:

बोनयार्ड मलाही आवडली. पण तो नशिबाचा भाग. करोना नसता तर स्टाइल्सशी नेहमीसारखी रिंगमध्येच मॅच झाली असती. एका अपघाती चांगल्या शेवटासाठी सहा वर्षांची सगळी पडझड माफ करायला मी तयार नाही. स्टिंग हा दुसरा जुना कुस्तीगीर बघा. ६४व्या वर्षी, मार्च २०२४ला ग्रीन्सबरोत शेवटची मॅच खेळला. पण जोडीला तरुण डार्बी ॲलिन होता, तारीख आधी जाहीर होती, जिंकला आणि थांबला.

डलासकर:

आणि २०१५ला सेथ रोलिन्सशी खेळताना मानेला मार लागून तोच स्टिंग संपल्यात जमा होता! कुणी 'तेव्हाच थांबायला हवं होतं' म्हणालं असतं तर तुमचं हे आवडतं उदाहरण घडलंच नसतं.

शिवाय अंडरटेकर थांबला की. नोव्हेंबर २०२०ला, पदार्पणाला बरोबर तीस वर्षं झाली त्याच दिवशी निरोप घेतला. समोर प्रेक्षक नाहीत, नुसते व्हिडिओचे पडदे. २०२२ला आमच्या डलासमध्ये त्याला कंपनीच्या हॉल ऑफ फेमचा मान मिळाला.

काळी_टोपी:

आणि त्या भाषणाच्या शेवटी काय म्हणाला? 'नेव्हर से नेव्हर'. शिवाय एप्रिल २०२४ला फिलाडेल्फियात रेसलमेनियाच्या मुख्य मॅचमध्ये दिवे घालवून आला आणि रॉकला चोकस्लॅम मारून (गळा धरून उचलून आदळून) गेला. हे थांबणं?

गुडघेदुखी:

एकच चोकस्लॅम, उभ्या उभ्या, गुडघ्यांवर आपटणं नाही, लगेच दिवे बंद आणि घरी. एवढ्याला माझी हरकत नाही. नवऱ्यानं मात्र तो क्लिप तीनदा लावला.