फिलाडेल्फियाचं मेसॉनिक टेंपल आतून बघावं का?

दगडफूल: पुढच्या महिन्यात आईला घेऊन फिलाडेल्फियाला जातोय. सिटी हॉलला लागूनच फ्रीमेसन (बंधुभाव मानणारी, स्वतःचे विधी असलेली जुनी संघटना) मंडळींची किल्ल्यासारखी इमारत आहे, आत टूर असते म्हणे. आईला जुन्या वास्तू आवडतात, पण 'गुप्त संघटना' ऐकून तिने नाक मुरडलंय. अर्धा दिवस घालवावा का?

रेवाकाठ: बिनधास्त घालवा. कोनशिला 1868 ची, उद्घाटन 1873 चं. वास्तुविशारद जेम्स विंड्रिम. काम मिळालं तेव्हा पठ्ठ्या जेमतेम 27 वर्षांचा! पण बाहेरच्या ग्रॅनाइटवर भाळून तिथेच फोटो काढत बसू नका. खरी गंमत आतल्या सात दालनांत, म्हणजे मेसनांच्या बैठकींच्या सभागृहांत आहे. बहुतेक सजावट जॉर्ज हर्झोगची, आणि ती उद्घाटनानंतर कित्येक वर्षं चालली होती.

इजिप्शियन हॉलमध्ये रेंगाळा. ठसठशीत रंगांचे जाडजूड खांब, त्यांचे माथे निरनिराळ्या मंदिरांवरून घेतलेले. भिंतींवरची चित्रलिपी नुसती नक्षी नाही, जाणकाराला वाचता येते. ओरिएंटल हॉल स्पेनमधल्या ग्रॅनडाच्या अल्हम्ब्रा राजवाड्याच्या धर्तीवर. तिथे छत बघता बघता माझी मान अवघडली. गॉथिक हॉल मला फारसा भावला नाही, पण ते सोडा.

एक करा: प्रत्येक दालनात शिरल्यावर आधी मुख्य खुर्ची शोधा. नाटक तेच, फक्त नेपथ्य बदललंय, हे लगेच कळेल. लॉजचा, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखेचा, प्रमुख 'पूर्व' मानलेल्या बाजूलाच बसणार, मग मागे फॅरो असो वा ग्रीक धाटणीचे कोरिंथियन खांब.

उंटावरचा: मला तर जास्तच भडक वाटलं. एकाच इमारतीत इजिप्त, स्पेन, ग्रीस, इटली! पुढच्या दालनात गेलं की आधीचं पुसलं जातं.

रेवाकाठ: भडक आहेच, नाही कशाला म्हणू? एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंत अमेरिकेची हौस ती. म्हणूनच सगळं भरभर उरकू नये.

@दगडफूल, आईंना सांगा, बेंजामिन फ्रँकलिन 1734 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या मेसनांचा ग्रँड मास्टर, म्हणजे सर्वोच्च प्रमुख होता. खालच्या संग्रहालयात वॉशिंग्टनचा मेसॉनिक एप्रन (मेसन विधींच्या वेळी कमरेला बांधतात तो) आहे. त्याचं भरतकाम वॉशिंग्टनचा फ्रेंच साथीदार सेनानी लाफायेत याच्या बायकोने केल्याचं सांगतात. गोष्ट म्हणून ऐकायची.

दगडफूल: फ्रँकलिन चालेल तिला. चालणं फार आहे का?

रेवाकाठ: बऱ्यापैकी, आणि दालनं भव्य आहेत. लिफ्टचं आधी विचारून ठेवा. तिथे अजून बैठका होतात, त्यामुळे एखादं दालन बंदही असू शकतं. इजिप्शियन उघडं आहे ना, तेवढं मात्र तिकीट काढायच्या आधी विचारा.