कानाला मशीन लागलं, पुढची मदत कुठे शोधायची?

नमस्कार मंडळी,

माझ्या दोन्ही कानांना नसांचा श्रवणदोष आहे, मध्यम ते तीव्र. वय चाळिशीच्या पुढे. त्रास गेल्या काही वर्षांत हळूहळू वाढत गेला. सगळ्या तपासण्या झाल्यात आणि दोन्ही कानांत मशीन बसवली आहेत. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत, त्यामुळे औषधाने काही होणार नाही, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं आणि ते मी स्वीकारलंय. म्हणून हा धागा उपचारांसाठी नाही. मशीन लागल्यावर रोजचं आयुष्य कसं निभावायचं हे ज्यांना अनुभवाने माहीत आहे, त्यांच्यापर्यंत मला पोचायचं आहे.

अडचण नेमकी काय ते सांगते, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. मला ऐकू येतं, पण कळत नाही. माझ्या ऑडिओग्रामची (श्रवण चाचणीच्या आलेखाची; रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी) रेघ डावीकडे, म्हणजे खालच्या पट्टीत, ३० डेसिबलच्या आसपास आहे आणि उजवीकडे घसरत ७५ च्याही खाली जाते. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते येतात. स, श, त, फ ही वरच्या पट्टीतली व्यंजनं गळतात. साप, ताप, शाप यांतला मला फक्त ‘आ’ मिळतो, बाकीचा शब्द संदर्भावरून जुळवायचा. ओठांकडे बघावं तर पाट, बाट आणि माट तिन्ही सारखेच दिसतात. क आणि ग तर घशातच तयार होतात, ओठांवर काही उमटतच नाही. एकाशी समोरासमोर बोलताना हे जमतं. चार-पाच जण असले की कोण बोलतंय हे शोधून मान वळवेपर्यंत वाक्य निघून गेलेलं असतं. दिवसभराच्या मीटिंगनंतर संध्याकाळी डोकं इतकं शिणतं की घरच्यांशीही बोलवत नाही.

आणि सगळ्यात जास्त लागतं ते ‘काही नाही गं, जाऊ दे’. सगळे हसले, मी विचारलं काय झालं, की हे उत्तर. कुणी वाईट मनाने म्हणत नाही, मला माहीत आहे. पण दिवसातून अनेकदा ऐकलं की माणूस विचारणंच सोडून देतो. मला ते होऊ द्यायचं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात वाचलं की जगात सुमारे १५० कोटी लोकांना कमी-अधिक श्रवणदोष आहे आणि त्यातल्या ४३ कोटींना पुनर्वसनाची गरज आहे. मग हे सगळे आहेत कुठे? जन्मापासून कर्णबधिर असलेल्यांचा समाज आहे, त्यांची खुणांची भाषा आहे, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण मी बोलत-ऐकत मोठी झाले, ती भाषा मला येत नाही. ऐकणाऱ्यांत मी अपुरी पडते. अशा मधल्या लोकांसाठी काय आहे?

तर प्रश्न असे: मोठेपणी ऐकू कमी आलेल्यांचे गट कुठे आणि कसे शोधावेत? मशीनची सवय करण्यासाठी किंवा ओष्ठवाचनासाठी प्रौढांना शिकवणारं कुणी असतं का? मीटिंग आणि फोनसाठी मशीनशिवाय काय वापरता? आणि घरच्यांना कसं सांगितलंत?

जाणकारांनी आणि विशेषतः अनुभवी मंडळींनी कृपया लिहावं.

प्रतिसाद १

ताई, मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. गट आणि प्रशिक्षण यांकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. मशीन बसवताना तुमच्या कानात पडद्याजवळ बारीक नळी सरकवून, मशीन चालू असताना तिथे प्रत्यक्ष किती आवाज पोचतो हे मोजलं होतं का? याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. हे न करता कंपनीच्या ठरावीक सेटिंगवर मशीन दिलं असेल, तर वरच्या पट्टीत कमी आवाज मिळत असण्याची बरीच शक्यता असते, आणि तुमची तक्रार नेमकी तिथलीच आहे. मोजणी झाली नसेल तर मागून घ्या. हा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका. गोंगाटात किती शब्द कळतात याचीही वेगळी चाचणी असते. शांत खोलीतल्या ऑडिओग्रामवरून ते समजत नाही.

मीटिंगसाठी रिमोट मायक्रोफोन बघा. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. माइक बोलणाऱ्याजवळ टेबलावर ठेवला की आवाज थेट मशीनमध्ये येतो. कितीही महाग मशीन घेतलं तरी लांबच्या बोलण्यासाठी जवळच्या माइकची बरोबरी होत नाही, हे माझं ठाम मत आहे. मशीनमध्ये टेलिकॉइल (लूपचा आवाज पकडणारी बारीक तारेची गुंडाळी) आहे का, तेही विचारा. ज्या सभागृहांत, नाट्यगृहांत लूप (माइकचा आवाज चुंबकीय लहरींनी मशीनपर्यंत पोचवणारी तार) बसवलेला असतो तिथे फक्त प्रोग्राम बदलला की व्यासपीठावरचा आवाज थेट कानात येतो. अनेकांच्या मशीनमध्ये ही सोय असते, पण चालूच केलेली नसते.

प्रतिसाद २

मधेच विचारतोय, माफ करा. माझ्या भावाला काल सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकूच येईना. दडा बसल्यासारखं वाटतं आणि कानात शिट्टी वाजते. सर्दीमुळे असेल म्हणून थांबलोय. किती दिवस वाट बघावी?

प्रतिसाद १ यांचं उत्तर

अजिबात वाट बघू नका. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या आणि श्रवण चाचणी करायला सांगा. कानात नुसता मळ निघाला तर उत्तमच. पण नस अचानक बसली असेल तर स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांत सर्वाधिक असतो. साधारण दोन आठवडे उलटले की शक्यता झपाट्याने कमी होते. सर्दी समजून थांबल्यामुळे कान गमावलेले पेशंट आमच्याकडे येतात, म्हणून इतकं निक्षून सांगते आहे.

प्रतिसाद ३

धागाकर्त्या ताई, तुमचा एकेक शब्द माझा आहे. मशीनने भागेना तेव्हा मी एका कानाला कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आत बसवलेलं, थेट नसेला संकेत देणारं यंत्र) करून घेतलं. सुरुवातीला माणसांचे आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखे यायचे. सरावाने बदललं. सराव असा: छापील पुस्तक समोर ठेवायचं, त्याचंच बोलकं पुस्तक लावायचं आणि ओळीवर बोट ठेवून ऐकायचं. ओळखीचा मजकूर जमला की पुस्तक मिटून. मग घरातल्या कुणालातरी तोंडासमोर कागद धरून वाक्यं वाचायला सांगायची आणि आपण ती परत म्हणायची. मशीनवाल्यांनाही हे लागू पडतं. कान मशीनने ऐकतो, अर्थ मेंदू लावतो आणि त्याला वेळ लागतो. एक मात्र पाळा, मशीन फक्त बाहेर जाताना घालू नका. घरातही दिवसभर राहू द्या. मशीनमध्ये ते किती तास वापरलं याची नोंद होत असते, तुमच्या ऑडिओलॉजिस्टना ती दिसते.

गटांबद्दल: उतारवयात किंवा मध्येच ऐकू कमी झालेल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ हार्ड ऑफ हिअरिंग पीपल. १९७७ पासून काम करते आणि वेगवेगळ्या देशांतल्या संस्था तिच्या सभासद आहेत, त्यामुळे शोधाला सुरुवात तिथून करता येते. अमेरिकेतली हिअरिंग लॉस असोसिएशन १९७९ साली अशाच एका ऐकू न येणाऱ्या माणसाने सुरू केली. तिचं बरंच साहित्य कुणालाही वाचता येतं. जवळपास शोधायचं तर जिथे इम्प्लांटच्या शस्त्रक्रिया होतात आणि जिथे ऑडिओलॉजी शिकवतात तिथे विचारा. तिथल्या लोकांकडे असे गट असतात किंवा तुमच्यासारखे पेशंट तरी माहीत असतात. मला माझी पहिली मैत्रीण अशीच मिळाली.

प्रतिसाद ४

आमच्या आईला असाच त्रास आहे. घरात आम्ही पाळतो ते लिहितो. आधी नावाने हाक, तिने बघितलं की मगच बोलायचं. दुसऱ्या खोलीतून बोलायचं नाही. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर हवा. खिडकीला पाठ करून बसलं की चेहरा काळा दिसतो, ओठ दिसत नाहीत. टीव्ही बंद. ओरडायचं नाही, ओरडल्याने तोंड वेडंवाकडं होतं आणि तिच्या कानाला त्रासही होतो. एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचं. आणि ‘जाऊ दे’ म्हणायला घरात बंदी आहे, नातवंडांनासुद्धा.

फोनवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब ठेवलंय, २०१९ मध्ये आलं. समोरचा बोलतो ते अक्षरांत दिसतं, मराठीसुद्धा. नावं आणि गोंगाट यांत चुकतं, पण डॉक्टरांकडे किंवा काउंटरवर आई ते पुढे करते आणि लोक आपोआप सावकाश बोलतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नळी घालून मोजणी माझी झालेली नाही, आज हा धागा वाचेपर्यंत अशी काही मोजणी असते हेच माहीत नव्हतं. या आठवड्यात अपॉइंटमेंट घेते आणि टेलिकॉइलचंही विचारते. प्रतिसाद ४ चा पहिला परिच्छेद घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जसाच्या तसा टाकला आहे. मुलगा म्हणाला, हे आधी सांगायचंस ना.

प्रतिसाद ३, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. मोठेपणी ऐकू कमी आलेल्या मराठी लोकांचा गट नसेल तर आपण सुरू करू, लिहून बोलायचा असला तरी चालेल. कुणाला यायचं असेल त्यांनी खाली कळवा. आणि प्रतिसाद २, भावाचं काय झालं ते जरूर लिहा, काळजी वाटते आहे.