हिमालयीन एल्म नागपुरात: बी कसं पेरायचं, नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) कसा काढायचा?

गच्चीबाग_मनीषनगर (२२ जून)
हिमालयीन एल्म, म्हणजे उल्मस वॉलिचियाना, या झाडाचं बी दोन ठिकाणांहून आलंय. एक पुडी कुल्लूकडची, मेच्या दुसऱ्या आठवड्यात गोळा केलेली, तेव्हापासून प्लास्टिकच्या पिशवीत. दुसरी ऑनलाइन मागवलेली, तिच्यावर नुसतं 'इंडियन एल्म' लिहिलंय. पेरण्याआधी बी फ्रीजमध्ये गारवायचं का? माती कोणती? घरामागे १५ बाय २० फुटांचा कन्हार (काळ्या, चिकण) जमिनीचा तुकडा आहे. पुढे रोप तिथे लावलं तर चालेल का? बोअरचं पाणी जड आहे.

कन्हार
आधी पट्टी घेऊन बी मोजा. वॉलिचियानाचं पंखासकट फळ १३ मिलिमीटरच्या आसपास असतं. 'इंडियन एल्म' या नावाने बाजारात बहुतेकदा आपला वावळाच येतो, होलोप्टेलिया इंटिग्रिफोलिया. कुळ तेच, पण झाड वेगळं. त्याची चकती २५ मिलिमीटरपर्यंत, कागदासारखी, वरच्या टोकाला खाच.

गारवायची गरज नाही. हे बी वसंतात पिकतं आणि पडल्याबरोबर उगवायला निघतं. आयुष्य मात्र काही आठवड्यांचं, आणि कुल्लूची पुडी सहा आठवडे प्लास्टिकमध्ये आहे, हीच खरी अडचण. ओलसर बी बंद पिशवीत तापतं आणि बुरशी धरतं. ठेवायचंच असेल तर आधी सावलीत कडकडीत वाळवून हवाबंद बाटलीत ४ अंशांवर ठेवतात, तेव्हा काही महिने टिकतं.

पाच-सहा बिया ब्लेडने कापून बघा. आत पांढरा, भरलेला गर असेल तर जिवंत. तपकिरी किंवा पोकळ असेल तर सोडा. मग प्रत्येक पुडीतल्या २० बिया ओल्या टिश्यूत, डब्यात, एसीच्या खोलीत २२ ते २५ अंशांवर दहा-बारा दिवस. २० पैकी दोन-तीनच उगवल्या तर उरलेलं सगळं बी दाट पेरा, जपून ठेवण्यात अर्थ नाही.

ट्रेमध्ये चाळलेली नदीची वाळू आणि कुजलेल्या पाल्याचं खत निम्मं-निम्मं. बी आडवं ठेवायचं, पंख काढायची गरज नाही, वरून फक्त ३ मिलिमीटर वाळू. जास्त खोल गेलं तर कोंब वर येत नाही. पाणी खालून, ट्रे परातीत ठेवून. जुलैच्या दमट हवेत कोवळ्या रोपांची मान जमिनीलगत काळी पडून ती लवंडतात. वरून पाणी घातलं की हे हमखास होतं. दिसलं की लवंडलेली रोपं उपटा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम, मातीत ओता. चार खरी पानं आली की उंच पॉलिबॅगमध्ये.

सावली_पन्नास
जमिनीत लावू नका भाऊ. हे झाड अफगाणिस्तानच्या नूरिस्तानपासून पश्चिम नेपाळपर्यंत, ८०० ते ३००० मीटर उंचीवरचं. नागपूर ३१० मीटरवर. मे महिन्यातला ४५-४६चा दुपारचा पारा एक वेळ सावलीने भागवता येईल, पण रात्री २८-३० खाली उतरत नाही तेव्हा दिवसभर कमावलेलं झाड श्वसनातच उडवतं. हिवाळाही पुरत नाही. डोळे फुटायला पुरेसे थंडीचे तास मिळाले नाहीत की काही फांद्या फुटतात, काही तशाच राहतात, आणि फूट उशिरा येऊन थेट मार्चच्या उन्हात सापडते.

कन्हार माती वेगळाच त्रास देते. पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते, उन्हाळ्यात भेगाळून तंतुमुळं तोडते. म्हणून कुंडी, आणि कुंडीतही कन्हार नको. चाळलेला मुरूम किंवा विटांची ३ ते ६ मिलिमीटरची खडी दोन भाग, पाल्याचं खत एक भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग.

बोअरच्या पाण्याने पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी दिसतील. ती लोहाची कमतरता. माती अल्कधर्मी असताना ईडीटीए लोह फुकट जातं, ईडीडीएचए लोह लिटरला १ ग्रॅम मातीत द्या. छतावरचं पावसाचं पाणी एक-दोन ड्रम साठवलंत तर निम्मा प्रश्न सुटतो. कूलरच्या टाकीचं उरलेलं पाणी कुंडीत कधीच नको: पाणी उडून जातं, क्षार मागे राहून दाट होतात.

खोडसाल
एक सूचना. उद्या कुल्लूकडून सालीसकट फांद्या कलमासाठी मागवाव्याशा वाटतील, तर मागवू नका. हिमालयातल्या एल्मवर एक बुरशी असते, ऑफिओस्टोमा हिमाल-उल्मी, १९९५ साली वेगळी जात म्हणून नोंदलेली. तिथल्या झाडांना ती फारशी मारत नाही, युरोपातल्या एल्मला मात्र घातक ठरू शकते. सालीखालचे भुंगेरे ती पसरवतात. याच वॉलिचियानाचा संकर वापरून डच लोकांनी अशाच बुरशीने होणाऱ्या एल्मच्या रोगाला तोंड देणाऱ्या 'लोबेल', 'प्लांटाइन' अशा जाती काढल्या, आणि इकडे चाऱ्यासाठी ओरबाडून मूळ झाड दुर्मिळ होत चाललंय. दरवर्षी फांद्या तोडल्या की झाडाला बी धरायला फांदीच उरत नाही. त्यामुळे बी मिळालंय तर नोंद ठेवा: कुठलं, कधीचं, किती उगवलं.

गच्चीबाग_मनीषनगर (१९ जुलै)
मोजलं. कुल्लूचं १२-१३ मिलिमीटर, ऑनलाइनचं २४ ते २६ आणि टोकाला खाच. टिश्यूत कुल्लूच्या २० पैकी ४ उगवल्या, ऑनलाइनच्या १५. पण ऑनलाइनच्या रोपांच्या पानांना कडेला दातरे आहेत. वावळ्याचं पान तर सरळ कडेचं असतं ना? मग हे एल्मच म्हणायचं का?

कन्हार
नाही, वावळाच. मोठ्या झाडाचं पान सरळ कडेचं, पण कोवळ्या रोपांना आणि तोडलेल्या बुंध्याच्या फुटव्यांना दातेरी पानं येतात. यात भले भले फसतात. पान चुरगळून बघा, उग्र दर्प आला तर शंका संपली. खऱ्या एल्मचं पान खरखरीत, दुहेरी दातरे, आणि देठाशी दोन्ही बाजू असमान.

सावली_पन्नास
मग लक्ष त्या चार रोपांवर. पहिला उन्हाळा असा काढा: मार्चच्या मध्यापासून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी, नवतप्यात ७५. जागा इमारतीच्या पूर्वेला. पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत उष्णता ओकत राहते. काळी पॉलिबॅग उघड्या उन्हात ठेवली की मुळं भाजतात, म्हणून ती मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरा आणि ती वाळू ओली ठेवा. वर दोन बोटं पाल्याचं आच्छादन. पाणी सकाळी सहाच्या आत, संध्याकाळी बोट घालून बघायचं.

पानांच्या कडा करपणं मेमध्ये होणारच, त्यावर खत टाकू नका. एप्रिलमध्ये पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खाली जाळं दिसलं तर लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, दोन दिवसांआड. गंधक ३५ अंशांच्या वर फवारलं तर पानं जळतात. छाटणी जानेवारीत.

नुसता एल्म हवा असेल, तोच हवा असं नसेल, तर चिनी एल्म, उल्मस पार्व्हिफोलिया, बोन्सायवाल्यांकडे मिळतो. तो नागपूरचा उन्हाळा बराच सोसतो, आणि जुलैत १० सेंटिमीटरच्या फाट्यांना मुळं फुटतात.

खोडसाल
आणि त्या १५ वावळ्यांचं काय? घरामागच्या १५ बाय २० मध्ये एकही नको. १८-२० मीटरचं झाड होतं, शिवाय फुलोऱ्यात परागाची ॲलर्जी असलेल्यांना त्रास. शेताचा बांध किंवा मोकळं मैदान असेल तर पुढच्या जूनमध्ये दीड फुटाचा खड्डा करून लावा, पहिली दोन वर्षं जनावरांपासून काट्यांचं कुंपण.