लिऊली म्हणजे काच की वैडूर्य? मराठीत काय लिहायचं?

निळीशाई:
मंडळी, चिनी काचशिल्पांवरच्या एका लेखाचं मराठी करतेय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. तैवानची लोरेटा यांग आधी सिनेमात होती, १९८४ आणि १९८५ असं लागोपाठ दोनदा गोल्डन हॉर्सचं बेस्ट अ‍ॅक्ट्रेस घेतलं, मग १९८७ मध्ये ते सगळं सोडून दिग्दर्शक चांग यी यांच्याबरोबर काचेचा स्टुडिओ काढला. बुद्ध, क्वानयिन (म्हणजे आपला अवलोकितेश्वरच, तिकडे बाईच्या रूपात), सगळं ओतीव काचेत. पण ही माणसं काचेला काच म्हणतच नाहीत! रोजचा चिनी शब्द 'बोली' (आपली बोलीभाषेतली नव्हे), आणि हे म्हणतात 'लिऊली'. मी 'काचेचा बुद्ध' लिहिलं तर आई म्हणाली, शोकेसमधला का?

पाणिनीचा_शेजारी:
अगं लिऊली आपलाच आहे! वैडूर्य, पालीत वेळुरिय, तोच बौद्ध ग्रंथांबरोबर आणि व्यापाराबरोबर तिकडे गेला, जुन्या चिनीत 'बिलिऊली' असं आहे, पुढे 'बि' गळला. आणि बोलीसुद्धा आपल्या स्फटिकावरूनच, म्हणजे काचेचे दोन्ही शब्द इथून गेलेले. पाणिनीने वैडूर्य 'विदूर' गावावरून सांगितला तर पतंजलीने लगेच खुसपट काढलं, की खडा निघतो वालवाय डोंगरात, विदूरला नुसते पैलू पडतात. भांडणं तेव्हापासूनची आहेत, आपली काय नवीन नाहीत.

निळीशाई:
मग सरळ 'वैडूर्य बुद्ध' लिहू?

सराफकट्टा:
अजिबात नको. आमच्याकडे गिऱ्हाईक वैडूर्य मागतं म्हणजे लसण्या मागतं, केतूचा खडा, पिवळसर-हिरवा आणि मधे मांजराच्या डोळ्यासारखी रेघ. तिबेटी परंपरेत वैडूर्य म्हणजे गडद निळा, म्हणून त्यांचा भैषज्यगुरू, म्हणजे रोग बरे करणारा वैद्य बुद्ध, निळा रंगवतात. आणि चीनमध्ये लिऊली म्हणजे देवळांच्या छपरावरची चकचकीत कौलंसुद्धा, बीजिंगच्या लिऊलीछांग बाजाराचं नाव त्या कौलांच्या भट्टीवरून पडलंय. एक शब्द आणि किती ठिकाणी संसार.

ओतारी:
माझं स्पष्ट मत, लिऊली ही काचच. केमिस्ट्री बदलत नाही नाव बदलून, थोडं मार्केटिंगपण आहे त्यात. पण काम बघा. आधी मातीची मूर्ती, तिच्यावरून रबराचा साचा, त्यात मेण, मेणावर प्लास्टरचा साचा, मग वाफ सोडून मेण बाहेर आणि त्या पोकळीत काचेचे तुकडे भरून भट्टीत. आपल्याकडे पितळ-पंचधातूला हेच करतात, 'मानसोल्लास' या जुन्या संस्कृत ग्रंथात मधूच्छिष्टविधान म्हणून आहे, मधूच्छिष्ट म्हणजे मेण. फरक शेवटी आहे. धातू लवकर थंड होतो, काच घाईने थंड केली तर तडकते. जाड तुकड्याचं बाहेरचं अंग आधी आवळतं आणि आतलं मागे राहतं, म्हणून दिवसच्या दिवस, मोठ्याला आठवडे, हळूहळू उतरवत बसायचं. मग प्लास्टर फोडायचं, एकदाच, आणि आत भेग दिसली की पुन्हा मेणापासून.

चष्मेबहाद्दर:
म्हणजे काचेला काच बसतो! सासरचा काच, नाडीचा काच, तसा. आता 'इंटर्नल स्ट्रेस'ला मराठी शब्द मिळाला :)
बाय द वे, हेच वेळुरिय पश्चिमेला ग्रीकमध्ये बेरिलोस झालं आणि त्यावरूनच जर्मनमध्ये चष्म्याला ब्रिला म्हणतात. आणि फारसीतून आपल्याकडे परत आलं ते बिलोर होऊन, बिलोरी आरसा! मग 'बिलोरी बुद्ध' का नाही?

निळीशाई:
ऐकायला कसलं गोड आहे! पण बिलोरी म्हटलं की आरसेमहाल आणि झुंबरं डोळ्यासमोर येतात, आणि लेखातला बुद्ध तसा नाही. मावशीने शांघायहून आणलेला एक आहे घरी, तळहाताएवढा पण उचलला की पेपरवेटसारखा जड, तिन्हीसांजेला खिडकीत ठेवला की डोक्यामागे बारीक बुडबुडे दिसतात, अगदी श्वास अडकल्यासारखे. आधी मला वाटलं डिफेक्ट पीस गळ्यात मारला.

पाणिनीचा_शेजारी:
बुडबुडे राहू देतात ते, बऱ्याचदा मुद्दाम. आणि हे लोक लिऊलीच का म्हणतात ते भैषज्यगुरूच्या सूत्रात आहे. त्याचं नावच वैडूर्यप्रभ, आणि त्याच्या बारा प्रतिज्ञांत एक अशी की बोधी मिळाल्यावर माझं शरीर वैडूर्यासारखं होवो, आत-बाहेर निर्मळ. या सूत्राचे चिनी अनुवाद आधीही होते, ६५० साली ते पुन्हा चिनीत आणलं ह्युएन-त्संगने, तोच जो पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं लिहून गेला. तर त्यांना नुसती वस्तू म्हणायची नाहीये, ती प्रतिज्ञा म्हणायचीये. काच शब्दात ते येत नाही, आपल्याकडे तर 'काचः काचो मणिर्मणिः' म्हणून काचेला कायमचं खाली बसवलंय.

सराफकट्टा:
मग लिऊलीच ठेव, पहिल्यांदा आलं की एका वाक्यात वैडूर्याचं नातं सांग, पुढे बिनधास्त काच म्हण. जपानी 'सुशी'ला कोणी 'माशाचा भात' म्हणतं का.

निळीशाई:
पटलं. पहिली ओळ अशी केलीये: 'वैडूर्य चीनला गेलं आणि लिऊली झालं, त्या लिऊलीत घडवलेला हा बुद्ध.' आईला वाचून दाखवली. म्हणाली, हां, आता कळलं, पण काचेचाच ना?