रक्तातलं एनएसई इतकं वाढलेलं कसं?

पीएचडीचं दुसरं वर्ष. स्ट्रोकच्या रुग्णांच्या सीरममध्ये (गोठलेल्या रक्तातून वेगळा काढलेला द्रव) जीएफएपी आणि एनएसई मोजतेय, म्हणजे मेंदूच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी प्रथिनं. ७ नमुन्यांत एनएसई आभाळाला भिडलंय, पण सीटी स्कॅनवर इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेला मेंदूचा भाग) चिमुकला. एलायझा (ही प्रथिनं मोजायची चाचणी) दोनदा लावली, आकडे तेच. डोकं चालेनासं झालंय.

उत्तर: नळ्या उजेडात धरून बघ. सीरम गुलाबीसर दिसतंय का? एनएसई तांबड्या पेशींतही भरपूर असतं. रक्त काढताना किंवा सेंट्रिफ्यूजला उशीर झाल्यावर पेशी फुटल्या की आकडा फुगतो. मेंदूचा बिचाऱ्याचा काही दोष नाही.

प्रश्नकर्ती: सातातले ५ गुलाबी! सगळे रात्रपाळीतले, सकाळपर्यंत तसेच पडून होते. आणि मी किटला शिव्या घालत बसले.

दुसरं उत्तर: मग एनएसईसाठी ते गाळच. जीएफएपीसाठी लक्षणं सुरू झाल्यापासूनचे तास नोंदवलेस ना? मेंदूत रक्तस्राव असेल तर ते पहिल्या काही तासांतच उसळतं, गुठळीच्या स्ट्रोकमध्ये मात्र सावकाश, २-३ दिवस चढत राहतं. वेळ नसेल तर आकडा वाचणार कसा? झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल, तर शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं ती वेळ धर.

प्रश्नकर्ती: ती अर्ध्याच केसपेपरवर आहे. उद्या फायली उपसते.