डॉक्टरांनी हातानं चिठ्ठी लिहिणं आता बंद व्हायला हवं

धागाकर्ती:
आईला आमवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झालं. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठीवर 'ओडब्ल्यू' (आठवड्यातून एकदा) होतं, मेडिकलमध्ये ते 'ओडी' (रोज एकदा) वाचलं आणि पाकिटावर 'रोज एक' लिहून दिलं. नवव्या दिवशी तोंड इतकं आलं की पाणी गिळवेना, पांढऱ्या पेशी घसरल्या. आठ दिवस ॲडमिट होती. कॉम्प्युटरच्या चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा, सोमवारी' असं स्वच्छ छापून आलं असतं. बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयात औषधं संगणकावरून लिहायला लागल्यावर गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या, हा अभ्यास १९९८ चा आहे. आपण अजून कशाची वाट बघतोय?

तालुक्यातला डॉक्टर:
ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण अक्षर सुधारलं की चूक टळते, असं नाही. मी दोन वर्षं सॉफ्टवेअर वापरतोय. तीन अक्षरं टाइप केली की यादी उघडते, बोट एक ओळ खाली पडलं की भलतंच औषध सुबक छापून जातं. अक्षर लागलं नाही तर मेडिकलवाला फोन तरी करतो, छापील कागदावर कोण शंका घेणार? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात २००५ साली अशा प्रणालीमुळे वाढणाऱ्या चुकांचे २२ प्रकार नोंदवले गेले. शिवाय दर औषधाला इशारा आला की तो न वाचताच पुढे ढकलला जातो.

मेडिकलवाला:
फोन करतो, पण रात्री नऊला उचलतं कोण? मग पेशंटलाच विचारायचं, 'तुम्हाला त्रास काय होतोय?' आणि अंदाज बांधायचा. वीस वर्षं काउंटरवर आहे, या अंदाजाची अजून भीती वाटते. औषधाचं जेनेरिक नाव (कंपनीचं नव्हे, मूळ औषधाचं) सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, हा मेडिकल कौन्सिलचा नियम २०१६ चा. माझ्याकडे तशी चिठ्ठी क्वचितच येते.

धागाकर्ती:
डॉक्टर, यादीतली चूक मान्य. पण तिला कडी लावता येते. मेथोट्रेक्सेट निवडलं की 'आठवड्यातून एकदा' हेच आधी यावं, 'रोज' करायचं तर कारण लिहावं लागावं. इशारे थोडेच ठेवा, पण मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, इन्सुलिन यांचे ठेवाच. पेनाला अशी कडी कुठून लावणार?

तालुक्यातला डॉक्टर:
ही कडी पटली. आत्ताच पाहिलं, माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ती नाही. बनवणाऱ्यांना कळवतो. तोवर मेथोट्रेक्सेटच्या छापील चिठ्ठीवर वाराचं नाव मराठीत, पेनानं लिहून देईन.