नागाशिनो, 1575: लढाई बंदुकीने जिंकली का?

सह्यवारा

सामुराईंच्या युद्धांवर चर्चा निघाली की नागाशिनोचं एक ठरावीक चित्र पुढे येतं: जपानातल्या ताकेदा घराण्याचं घोडदळ दौडत येतंय आणि त्यांचा शत्रू ओदा नोबुनागा याचे 3,000 बंदूकधारी तीन रांगांत आळीपाळीने बार काढून त्याचा फडशा पाडताहेत. मला हे चित्र पटत नाही.

नोबुनागाच्या पदरी असलेल्या ओता ग्युइचीच्या बखरीत तीन रांगा नाहीतच. हजारेक बंदुका आणि त्यांच्यावर नेमलेले पाच सरदार, एवढंच तो सांगतो. तीन रांगांचा प्रसंग 17व्या शतकाच्या सुरुवातीला ओझे होआन या लेखकाने खुलवला आणि तोच पुढे सगळीकडे गेला. शिवाय लढाई पहाटेपासून दुपारपर्यंत चालली. गोळीबाराने फळीच्या फळी आडवी होत असती, तर इतका वेळ लागला असता का?

माझ्या मते निकाल लावला तो नोबुनागाच्या बाजूने लढणाऱ्या साकाई तादात्सुगू या सरदाराने. आदल्या रात्री तो सुमारे 500 बंदुका घेऊन डोंगरातून वळसा घालून गेला आणि सकाळी ताकेदांच्या पिछाडीचं तोबिगासु ठाणं त्याने मारलं. मागची वाट गेली, ताकेदांनी नागाशिनोच्या किल्ल्याला घातलेला वेढा मोडला आणि ताकेदांचा प्रमुख कात्सुयोरी याला पुढे रेटण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. समोर रेंगो ओढा, ओढ्यापलीकडे लाकडी कुंपण आणि कुंपणामागे दुपटीहून जास्त फौज.

शिलेदार

असहमत. तादात्सुगूने जाताना 500 बंदुका नेल्या हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे वळसाही बंदुकीच्याच जोरावर यशस्वी झाला. आणि कुंपणामागून गोळी सुटली नसती, तर त्या लाकडांनी शत्रूला किती वेळ थोपवलं असतं?

हजाराचा आकडाही इतका पक्का धरू नका. ग्युइचीच्या एका हस्तलिखितात हजाराच्या शेजारी 'तीन' हे अक्षर घातलेलं आहे. तीन रांगा सोडून देऊ, पण ग्युइची स्वतः सांगतो की एकामागून एक तुकड्या चालून आल्या आणि गोळीबाराने मागे रेटल्या गेल्या. यामागाता मासाकागेसारखा ताकेदांचा कसलेला सरदार तिथेच पडला. ही मारामारी दुपारपर्यंत चालली, यावरून मला ताकेदांची जिद्द दिसते. बंदूक कुचकामी होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

सह्यवारा

कुचकामी मी म्हटलंच नाही. एकट्या बंदुकीला श्रेय देऊ नये, एवढंच म्हणतोय. ताकेदांचाच सरदार बाबा नोबुहारू गोळीबारात पडला नाही. कात्सुयोरीला निसटायला वेळ मिळावा म्हणून तो पिछाडी सांभाळत राहिला आणि तिथे मारला गेला. त्यांचा दुसरा सरदार नाइतो मासातोयोही माघारीतच गेला. माणसं मोठ्या संख्येने कापली गेली ती फळी फुटल्यावर, पाठलागात. आणि 'घोडदळाचा हल्ला' म्हणताना तिथली घोडी डोळ्यांसमोर आणा: खांद्यापाशी जेमतेम सव्वा मीटर उंचीची. लुईस फ्रोइश हा पोर्तुगीज पाद्री त्या काळात जपानातच होता. लढायची वेळ आली की जपानी घोड्यावरून उतरतात, असं त्याने लिहून ठेवलंय.

शिलेदार

फ्रोइशचं विधान सर्वसाधारण आहे. ग्युइची याच लढाईबद्दल लिहितो की पूर्वेकडचे, म्हणजे ताकेदांच्या बाजूचे लोक घोड्यावर तरबेज होते आणि घोडी घालून चालून आले. नेमक्या लढाईची नोंद हाताशी असताना दुसरीकडचं सर्वसाधारण निरीक्षण वरचढ धरायचं, हे मला मान्य नाही.

दर्यावर्दी

तुम्ही दोघं रणांगणावरच अडकलात. बंदुका ताकेदांकडेही होत्या. अडचण होती ती दारूगोळ्याची. दारूला सोरा लागतो आणि तो जपानात बाहेरून, जहाजांनी यायचा. साकाई हे व्यापारी बंदर नोबुनागाच्या मुठीत होतं, ताकेदांचा काई प्रांत डोंगरांनी वेढलेला, त्याला समुद्र नाही. कुंपणामागे बसून दुपारपर्यंत बार काढत राहायची ऐपत एकाच बाजूची होती.

आपल्यासाठी एक जवळचा धागाही आहे. 1543 मध्ये पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले, तेव्हापासून जपानी लोहार तोड्याच्या बंदुका घडवू लागले. त्या बंदुकांचा चाप गोव्यात बनणाऱ्या बंदुकांच्या चापाशी जुळतो, असं अभ्यासक मानतात.

शिलेदार

सोऱ्याचा मुद्दा बिनतोड, पण तो माझ्याच बाजूचा. ज्याच्याकडे दारू जास्त तो जिंकला, म्हणजे बंदूकच जिंकली.

माळरान

मला एक वेगळीच गोष्ट खटकते. वेढलेल्या किल्ल्यात नोबुनागाच्या बाजूच्या ओकुदाइरा सादामासाची जेमतेम 500 माणसं होती. मदत मागायला तोरी सुनेएमोन रात्री नदीतून बाहेर पडला, निरोप पोचवून परतताना पकडला गेला. 'कुमक येत नाही असं ओरडून सांग, जीव वाचेल,' असं ताकेदांनी त्याला बजावलं. तो तटासमोर ओरडला की कुमक निघाली आहे, दम धरा. त्याला तिथेच खांबाला बांधून मारलं. किल्ला त्याआधी पडला असता, तर नोबुनागाला त्या ओढ्याकाठी कुंपण घालण्याचं कारणच उरलं नसतं. हा सुनेएमोन सामान्य पायदळातला माणूस होता. बंदूक की वळसा, हा वाद खुशाल घाला, पण त्यात त्याचं नाव यायलाच हवं.

सह्यवारा

यायलाच हवं, मान्य. पण शिलेदार, तुमच्या हिशोबाने सोरा, कुंपण, वळसा सगळंच 'बंदूक' या एका शब्दात बसतं. असं धरलं तर ताकेदांकडेही बंदुका असताना ते का हरले, हे तुम्हाला सांगताच येणार नाही.